तारापूरची वीज आणि टेबलावरचा संगणक

पालघर जिल्ह्यातल्या बोईसरला कुठल्याही जुन्या इमारतीच्या जिन्याखाली उभे राहिले की विजेच्या मीटरांची रांग दिसते. प्रत्येक मीटरवर एक लाल ठिपका लुकलुकत असतो. पाटीवर बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो आणि पुष्कळ मीटरांवर तो ३२०० असतो. ठिपका ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट वीज खर्च झाली, असा त्याचा अर्थ. घरातले दिवे, पंखे, फ्रिज सगळे बंद करून वीस वर्षांपूर्वीचा, मागे पोट सुटलेल्या काचेच्या मॉनिटरचा संगणक तेवढा चालू ठेवला, तर हा ठिपका साधारण सहा सेकंदांनी एकदा लुकलुकतो. त्याच्या जागी आजचा लॅपटॉप लावला, तर पुढची उघडझाप दिसायला पाऊण मिनिट थांबावे लागते.

पहिल्या संगणकांपासून या पाऊण मिनिटापर्यंत यायला जगाला साठ-सत्तर वर्षे लागली. भारतात संगणकाचा पाया ज्या माणसाच्या संस्थेत घातला गेला, त्याच माणसाने बोईसरपासून थोड्याच अंतरावर, तारापूरच्या समुद्रकाठी, देशातले पहिले अणुवीज केंद्र आणले. त्यामुळे ‘कमी वीज खाणारा संगणक घेतला तर लाइट बिल खरेच कमी येते का?’ हा अगदी घरगुती प्रश्न या भागात विचारला की त्याचे धागे थेट त्या माणसापर्यंत, डॉ. होमी भाभांपर्यंत, पोचतात.

१९५४ साली अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष लुईस स्ट्रॉस यांनी एका भाषणात भाकीत केले होते, की पुढच्या पिढीच्या घरात वीज इतकी स्वस्त असेल की ती मीटरने मोजायची गरजच उरणार नाही. तो काळ अशा भाकितांचा होता. १९५५ साली जिनिव्हात अणुऊर्जेच्या शांततामय वापरावर संयुक्त राष्ट्रांची पहिली मोठी परिषद भरली आणि तिचे अध्यक्षपद भाभांकडे होते. पश्चिम भारताला विजेची भूक होती आणि कोळशाच्या खाणी शेकडो मैल दूर होत्या. रेल्वेने कोळसा ओढत आणण्यापेक्षा थोडक्या इंधनावर वर्षानुवर्षे चालणारे केंद्र मुंबईच्या जवळ असावे, हा हिशेब सरळ होता. मुंबईच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवर असलेले तारापूर त्यात नेमके बसले. यंत्रे थंड ठेवायला समुद्राचे पाणी होते, मुंबई-अहमदाबाद लोहमार्ग जवळ होता आणि १ मे १९६० रोजी वेगळी झालेली महाराष्ट्र व गुजरात ही दोन्ही राज्ये हाताशी होती.

१९६३ साली अमेरिकेशी सहकार्याचा करार झाला. पुढच्याच वर्षी जनरल इलेक्ट्रिक कंपनीला काम मिळाले आणि बेक्टेलने बांधकाम केले. केंद्र उभे राहिलेले पाहणे भाभांच्या नशिबी नव्हते. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ शिखरावरच्या विमान अपघातात ते गेले. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी तारापूरच्या दोन अणुभट्ट्यांतून व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली आणि १९ जानेवारी १९७० रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींनी केंद्र राष्ट्राला अर्पण केले. या भट्ट्यांची रचना समजायला सोपी आहे. भट्टीतच पाणी उकळते, त्याच वाफेवर टर्बाइन फिरते आणि ती वाफ पुन्हा गार करायला समुद्राचे पाणी फिरवले जाते. प्रत्येक भट्टी सुरुवातीला २१० मेगावॉटची होती, पुढे तांत्रिक कारणांनी ती १६० मेगावॉटवर आणण्यात आली.

वीज मोजायची गरज उरणार नाही हे स्वप्न मात्र फार लवकर विरले. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर अमेरिकेने इंधनाचा हात आखडता घेतला. पुढे फ्रान्स, मग चीन आणि रशिया असा तारापूरच्या इंधनाचा शोध चालू राहिला. इतके होऊनही या जुन्या भट्ट्यांची वीज अनेक वर्षे युनिटला एक रुपयाहून कमी दराने विकली जात होती. देशातल्या सर्वांत स्वस्त विजेत तिची गणना होत असे.

बोईसरच्या घरात मात्र हा दर कधीच आला नाही. तारापूरची वीज उच्च दाबाच्या तारांवरून महाराष्ट्र आणि गुजरातच्या जाळ्यात जाते, तिथे कोळशाच्या, पाण्याच्या, वायूच्या विजेत मिसळते आणि सगळ्यांची मिळून जी सरासरी बसते तिच्यावर घरगुती दर ठरतो. अणुकेंद्राच्या कुंपणालगतच्या घरालाही तोच दर आणि गडचिरोलीच्या घरालाही तोच. २००५ आणि २००६ साली ५४० मेगावॉटच्या दोन नव्या, पूर्णपणे भारतीय बनावटीच्या भट्ट्या तारापूरला सुरू झाल्या. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी या गावांना आपली जागा सोडावी लागली. उत्तरेला डहाणूला १९९५ पासून ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र चालते, त्याची वीज मुंबईच्या उपनगरांना जाते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा होऊन राज्याचा ३६ वा जिल्हा झालेला पालघर असा विजेचा मोठा दाता आहे. याच जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याच्या कितीतरी पाड्यांवर दिवा फार उशिरा लागला. विजेच्या एका युनिटामागे काय काय असते, गाव, समुद्र, राख, इंधनाचे राजकारण, हे इथल्या माणसाला कुणी समजावून सांगावे लागत नाही. म्हणून इथे युनिट वाचवण्याची गोष्ट नुसत्या पैशांची राहत नाही, आणि म्हणूनच ते नेमके कुठे वाचते हे नीट पाहायला हवे.

आता संगणकाकडे. भाभांनी १९४५ साली स्थापन केलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत पन्नासच्या दशकात आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांनी देशातला पहिला इलेक्ट्रॉनिक अंकीय संगणक बांधला. १९५६ साली त्याचा छोटा नमुना चालू झाला, १९६० साली मोठे यंत्र आणि १९६२ साली त्याला टिफ्रॅक हे नाव मिळाले. त्याच्या पोटात काचेच्या सुमारे २७०० निर्वात नळ्या होत्या. प्रत्येक नळी आतली तार तापवूनच काम करायची, म्हणजे संगणक आकडेमोड करो वा न करो, वीज उष्णतेत जळतच असे.

टिफ्रॅकचा थोरला भाऊ अमेरिकेतला एनिॲक. १९४६ साली तो जगापुढे आला तेव्हा त्यात सुमारे १८,००० नळ्या होत्या आणि त्याला सुमारे १५० किलोवॉट वीज लागे. तो तासाला १५० युनिटे खायचा. आज महाराष्ट्रातले एखादे मध्यमवर्गीय घर महिनाभरात जेवढी वीज वापरते, तेवढी त्याला एका तासात लागायची. तारापूरची १६० मेगावॉटची एक भट्टी पूर्ण क्षमतेने चालली तरी जेमतेम एक हजार एनिॲक चालले असते, आणि त्यातला प्रत्येक सेकंदाला पाच हजार बेरजा करू शकला असता. त्याहून लाखो पटींनी जास्त काम करणारे यंत्र आज डहाणू लोकलच्या डब्यात प्रत्येकाच्या हातात असते.

हे घडले कसे? आधी नळ्या गेल्या आणि ट्रान्झिस्टर आले. योगायोग असा, की तारापूरची वीज सुरू झाली त्याच १९६९ साली ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आकाराला आलेला टीडीसी-१२ हा संगणक पुढे आला. अणुऊर्जा खात्याच्याच हैदराबादच्या ईसीआयएल कंपनीने ही मालिका बनवली. अणुऊर्जा खात्याच्या एका हाताने वीज निर्माण होत होती आणि दुसऱ्या हाताने संगणक. पाच वर्षांनी, १९७४ साली, आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड आणि सहकाऱ्यांनी एक नियम मांडला, की ट्रान्झिस्टर जितका लहान करावा तितकी त्याला वीज कमी पुरते. पुढची तीस वर्षे चिप बनवणारे कारखाने या नियमाच्या पायरीवरून खाली उतरत राहिले. जोनाथन कूमी आणि सहकाऱ्यांनी २०११ साली जुन्या यंत्रांच्या नोंदी तपासून दाखवले, की १९४६ पासून एका युनिटात होणारी आकडेमोड साधारण दर दीड वर्षाने दुप्पट होत आली आहे. विजेवर चालणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही घरगुती वस्तूने अशी मजल मारलेली नाही.

बोईसरच्या घरात संगणक पोचला तो नव्वदच्या दशकाच्या शेवटी. तोवर गाव पार बदलले होते. अणुकेंद्राची वसाहत, तारापूर औद्योगिक वसाहतीतले पोलादाचे, कापडाचे, रसायनांचे आणि औषधांचे कारखाने, तीन पाळ्यांत येणारे-जाणारे कामगार, आणि त्यांच्यासाठी स्टेशनच्या दोन्ही अंगांना उभ्या राहिलेल्या चाळी आणि इमारती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने देशात सर्वांसाठी इंटरनेट खुले केले. पुढच्या काही वर्षांत तालुक्या-तालुक्याच्या गावी सायबर कॅफे निघाले आणि २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरता वर्गांनी संगणक मराठी मुला-मुलींच्या हाती दिला. कारखान्यात नोकरी करणाऱ्या बापाने मुलासाठी घरी असेंबल्ड पीसी घेणे ही त्या काळी मोठी गोष्ट होती. हार घालून, नारळ फोडून त्याची पूजा होई आणि वापर झाला की त्याच्यावर प्लॅस्टिकचे कव्हर चढे.

तो पीसी किती वीज खायचा? सतरा इंची काचेचा मॉनिटर सत्तर-ऐंशी वॉट. खालचा डबा, ज्याला सगळे सीपीयूच म्हणत, साधारण शंभर वॉट. यातली बरीच वीज त्या डब्यातल्या एसएमपीएसमध्येच वाया जायची. भिंतीतला प्रवाह संगणकाला झेपेल अशा कमी दाबावर आणून देणारी ही पत्र्याची पेटी शंभरातले तीस-पस्तीस वॉट उष्णता म्हणून मागच्या पंख्यातून बाहेर फेकत असे. एप्रिल-मेच्या दमट दुपारी त्या टेबलाजवळ बसलेल्या मुलाला हा वाया जाणारा भाग पायांना जाणवायचा.

चिपच्या जगातही नेमके तेव्हाच गाडे अडले होते. ट्रान्झिस्टर लहान होत होते, पण त्यांतून वीज झिरपू लागली होती. डेनार्डचा नियम दमला होता. २००४ च्या पेंटियम ४ मालिकेतल्या काही चिपा एकट्याच शंभर वॉटच्या वर गेल्या. वेग वाढवत नेण्याची शर्यत तिथे थांबली. २००६ साली आलेल्या कोअर टू ड्युओने ६५ वॉटच्या मर्यादेत त्याहून जास्त काम करून दाखवले आणि तिथून पुढे प्रत्येक चिपला ‘एका वॉटमध्ये किती काम?’ हा प्रश्न विचारला जाऊ लागला.

काही बदल सरकारी खात्यांनी घडवले. १९९२ साली अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने एनर्जी स्टार ही खूण सुरू केली आणि तिचे पहिले मानकरी संगणक आणि मॉनिटरच होते. कुणी वापरत नसेल तेव्हा पडद्याने आपोआप झोपी जावे, एवढीच सुरुवातीची मागणी होती. १९९९ साली आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने एक वॉटची मोहीम हाती घेतली. बटण बंद असताना कुठल्याही उपकरणाने एका वॉटहून जास्त खाऊ नये, असे तिचे म्हणणे होते. २००४ साली एसएमपीएससाठी ८० प्लस ही खूण आली, म्हणजे शंभरातले किमान ऐंशी वॉट कामाला लागलेच पाहिजेत. भारतात २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यातून ऊर्जा दक्षता ब्युरो निघाला आणि २००६ पासून फ्रिज-एसीवर तारे दिसू लागले. लॅपटॉपसाठीही तारे आहेत, पण ते लावणे कंपनीच्या मर्जीवर ठेवलेले आहे.

महाराष्ट्रात या सगळ्याहून मोठा धक्का दिला तो भारनियमनाने. ६ जून २००५ रोजी वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण जन्माला आली, तेव्हा राज्यात विजेचा दुष्काळ होता. लाइट कधी जाणार याचे वेळापत्रक वर्तमानपत्रात छापून येई आणि ग्रामीण भागात ती दिवसाचे बारा-बारा तासही जाई. त्या वर्षांत पीसीसोबत यूपीएस घ्यावाच लागे. लाइट गेली की तो कर्कश ओरडू लागे आणि दहा-पंधरा मिनिटांत फाइल सेव्ह करून संगणक बंद करावा लागे. काचेच्या मॉनिटरने यूपीएसची बॅटरी भराभर संपायची, चपट्या मॉनिटरवर ती जास्त वेळ पुरायची, आणि लॅपटॉपला यूपीएसच लागायचा नाही. पुष्कळ घरांनी चपटा मॉनिटर किंवा लॅपटॉप घेतला तो बिल वाचवायला म्हणून घेतलाच नव्हता. अंधारात काम चालू राहावे, टेबलावर जागा व्हावी, मुलाला तो कॉलेजला नेता यावा, म्हणून घेतला. बचत न मागता मागोमाग घरात आली.

ती किती होती याचा हिशेब कागदावर मांडता येतो. जुना पीसी मॉनिटरसह १८० वॉट, दिवसाला पाच तास, महिन्याला दीडशे तास: सत्तावीस युनिटे. लॅपटॉप २५ वॉट, तेवढेच तास: पावणेचार युनिटे. महिन्याला सव्वातेवीस युनिटांचा फरक.

या युनिटांचे रुपये किती, हे मात्र घराघरावर अवलंबून असते आणि इथेच बहुतेकांची गल्लत होते. महावितरणचा घरगुती दर पायऱ्यांचा आहे. २०२४-२५ च्या दरपत्रकात पहिल्या शंभर युनिटांना ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० युनिटांना १० रुपये २९ पैसे, त्यापुढे ५०० पर्यंत १४ रुपये ५५ पैसे आणि ५०० च्या वर १६ रुपये ६४ पैसे असा वीज आकार होता. प्रत्येक युनिटामागे १ रुपया १७ पैसे वहन आकार वेगळा आणि वर सोळा टक्के वीज शुल्क. शंभराच्या वर एक युनिट गेले की सगळेच बिल महाग होते, असा समज चाळी-चाळींत ऐकू येतो. तो खरा नाही. शंभराच्या वरची युनिटेच तेवढी महाग पडतात. पण वाचलेले युनिट नेहमी सगळ्यांत वरच्या पायरीवरचे असते. या दरांनी महिन्याला दोनशे युनिटे वापरणाऱ्या घरात त्या सव्वातेवीस युनिटांचे सुमारे ३१० रुपये होतात. नव्वद युनिटांत भागवणाऱ्या घरात तीच बचत १६० रुपयांच्या आसपास येते आणि पाचशेच्या वर गेलेल्या बंगल्यात पावणेपाचशेच्या पुढे जाते.

म्हणजे जुना पीसी जाऊन लॅपटॉप येणे ही बिलात दिसणारी गोष्ट होती. वर्षाला साडेतीन-पावणेचार हजार रुपये कामगाराच्या घरात थोडे नसतात.

पण ही बचत एकदाच होते. आज पालघर-बोईसरच्या दुकानांत जे यंत्र मिळते ते आधीच काटकसरी आहे. २५ वॉटचा लॅपटॉप टाकून १५ वॉटचा घेतला, तर महिन्याला दीड युनिट म्हणजे याच दरांनी वीसेक रुपये वाचतात. डेस्कटॉपसाठी साध्या ८० प्लसऐवजी सोनेरी खुणेचा एसएमपीएस घेतला, तर शंभर वॉटच्या कामासाठी भिंतीतून १२५ ऐवजी १११ वॉट ओढले जातील. महिन्याची बचत दोन युनिटे, रुपये अठ्ठावीस. किमतीतला फरक साडेतीन हजार धरला तर तो वसूल व्हायला दहा वर्षे लागतील, आणि तेवढ्या काळात संगणकच बदललेला असेल. चांगला एसएमपीएस घेण्याची खरी कारणे दुसरी आहेत. तो तापत नाही, आवाज करत नाही, आणि कारखान्यांच्या शेजारी वीजदाब वरखाली झाला तर यंत्राला जपतो. अपवाद एकच. मोठे ग्राफिक्स कार्ड लावून चारशे वॉटच्या संगणकावर रोज चार तास खेळणारा किंवा व्हिडिओचे काम करणारा एकटाच महिन्याला अठ्ठेचाळीस युनिटे खर्च करतो. तिथे चिपची निवड बिलात उतरते.

काही घरांत तर बिलाहून लाइट जाण्याची चिंता मोठी असते. चिंचणीपासून डहाणूपर्यंतच्या किनारपट्टीच्या गावांत सोन्याच्या दागिन्यांचे डाय घडवणारे कारागीर आहेत. दागिन्याच्या पत्र्यावर नक्षी उमटवणारा पोलादी साचा म्हणजे डाय. हे काम पिढ्यान्‌पिढ्या घराच्या ओटीवर, छिन्नीने, डोळ्यांत तेल घालून होत आले. आता त्यात संगणकावर काढलेली नक्षी आणि ती कोरणारी यंत्रेही आली आहेत. अशा घरात संगणक किती वॉटचा, याला कोरीव काम अर्ध्यावर असताना लाइट गेली तर काय, या प्रश्नापुढे फारसे वजन राहत नाही. बिघडलेल्या एका साच्याची मजुरी संगणकाच्या कित्येक महिन्यांच्या विजेहून मोठी असते.

घरातला सर्वांत वापरातला संगणक आता मोबाइल आहे. तो रोज पूर्ण चार्ज केला तरी महिन्याला पाऊण युनिट लागते, म्हणजे जेमतेम दहा रुपये. त्याला इंटरनेट देणारा वायफायचा राउटर मात्र आठ वॉटचा असला तरी दिवसरात्र चालू असतो, म्हणून महिन्याला पावणेसहा युनिटे घेतो. लॅपटॉपहून राउटरचे बिल जास्त, हे ऐकून बहुतेक घरे चकित होतात.

१८६५ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने कोळशाबद्दल एक निरीक्षण लिहून ठेवले होते. वाफेची इंजिने जसजशी कमी कोळशात चालू लागली, तसतसा देशाचा कोळशाचा खप घटण्याऐवजी वाढत गेला, कारण स्वस्त झालेली शक्ती नव्या नव्या कामांना लागली. संगणकाचे तेच झाले. २००२ साली घरात एक पीसी होता आणि तो दिवसातले काही तासच लागायचा. आज त्याच घरात चार मोबाइल, एक लॅपटॉप, राउटर, स्मार्ट टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स असतो. शिवाय यांच्यामागची आकडेमोड घराबाहेर गेली. मोबाइलवरचा व्हिडिओ, बँकेचा व्यवहार, मुलांच्या शंकांना उत्तरे देणारी नवी बुद्धिमान यंत्रे, हे सगळे दूरच्या डेटा सेंटरमध्ये चालते. देशातल्या डेटा सेंटरांची सर्वांत मोठी दाटी मुंबई-नवी मुंबईत आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजाने २०२४ साली जगातल्या डेटा सेंटरांनी सुमारे ४१५ अब्ज युनिटे वापरली, म्हणजे जगाच्या एकूण विजेच्या दीड टक्का. बोईसरच्या टेबलावरून उठलेले वॉट तिथे जाऊन बसले आणि घरगुती बिलातून दिसेनासे झाले.

बिलात जे दिसते ते डोक्यावर फिरत असते. साधा छताचा पंखा ७५ वॉटचा, म्हणजे तीन लॅपटॉपांएवढा. बीएलडीसी मोटरचा पंखा तेवढाच वारा २८ वॉटमध्ये देतो. रोज बारा तास चालला तर एका पंख्यामागे महिन्याला सतरा युनिटे, म्हणजे त्याच दरपत्रकातल्या शंभराच्या वरच्या पायरीवर सव्वादोनशे रुपये वाचतात. पंख्याची जादा किंमत वर्ष-सव्वा वर्षात भरून येते. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना ताऱ्यांची पट्टी सक्तीची झाली, तीही याच कारणासाठी. त्याआधी २०१५ पासून उजाला योजनेतून वाटलेल्या नऊ वॉटच्या एलईडी दिव्यांनी साठ वॉटच्या पिवळ्या बल्बची जागा घेतली होती. संगणकाच्या दुनियेत चिपने जे केले, तेच घराच्या छताखाली या दोन साध्या वस्तूंनी केले.

तारापूरच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांच्या घरांत पंख्याचा हिशेब आणखी वेगळा असतो. वडील रात्रपाळी करून सकाळी आठला घरी येतात आणि खिडकीला चादर लावून दुपारपर्यंत झोपतात. संध्याकाळी मुलगा त्याच खोलीत लॅपटॉप उघडून अभ्यासाला बसतो, रात्री सगळे घर तिथेच अंथरुणे घालते. एकामागून एक कुणीतरी झोपलेले असतेच, आणि एप्रिल ते ऑक्टोबर या दमट महिन्यांत पंखा दिवसाचे वीस तास फिरतो. अशा घरात पंखा बदलला तर महिन्याला अठ्ठावीस युनिटे वाचतात. २००५ सालचा काचेचा मॉनिटर आणि डबा भंगारवाल्याच्या गाडीवर चढवून जेवढी वाचली होती, त्याहून ही जास्त आहेत. खाली जिन्याजवळ त्या एका पंख्यापुरता मीटर पाहिला, तर लाल ठिपका पंधरा सेकंदांऐवजी चाळीस सेकंदांनी लुकलुकेल. लॅपटॉपचा ठिपका आधीच पाऊण मिनिटावर जाऊन थांबला आहे.